पाणी गेलं होतं का?

पूर्वीच्या लोकांवर धर्मसंकटं यायची ती त्यांच्या इतमामाला शोभतील अशी यायची. हरिश्चंद्रावर आलं तेव्हा त्यात अख्खं राज्य गेलं. युधिष्ठिरावर आलं ते भर रणांगणात, आणि प्रश्न विचारणारे खुद्द द्रोणाचार्य. आपण पडलो मध्यमवर्गीय. आपल्याकडे राज्य नाही, रणांगण नाही, आणि आपल्या शब्दावर विसंबून हातातलं धनुष्य खाली ठेवील असा एकही आचार्य ओळखीचा नाही. त्यामुळे आपली धर्मसंकटं काउंटरवर येतात. टोकन नंबर ५३. काचेपलीकडे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा. तो आपला बंद पडलेला मोबाईल मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत धरतो आणि मान वर न करता विचारतो, "पाणी गेलं होतं का?"

संपलं. शाळेपासून भिंतीवर वाचलेलं 'सत्यमेव जयते' आणि खिशातून गेलेले अठरा हजार रुपये एकमेकांसमोर उभे ठाकतात.

या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सरळ 'नाही' म्हणणारेही थोडेच. आपल्या वर्गाची खासियत मधल्या उत्तरात आहे. "पाणी असं नाही हो, जरा ओल लागली असेल." "हात ओला होता." "सध्या हवा दमट आहे ना!" नरो वा कुंजरो वा. असं बोलल्यामुळे जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली आला म्हणतात. आपल्याला ती भीती नाही. आपली स्कूटर मुळातच जमिनीवर चालते, आणि पारशिवनीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात तर ती जमिनीच्या चार बोटं खालून चालते.

तर प्रश्न असा, की या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं की नाही? 'अर्थात द्यावं' असं ज्यांना चटकन वाटलं त्यांच्या घरी बहुधा सगळ्या वस्तू कोरड्या आहेत. त्यांनी पुढलं वाचलं नाही तरी चालेल.

आधी त्या कार्डाबद्दल. वस्तूबरोबर एक कार्ड येतं. आमच्याकडे ती सगळी कार्डं सौ. लोखंडी कपाटात, मुलांच्या जन्मपत्रिकांच्या पिशवीत ठेवते. जागा योग्यच आहे. दोन्ही कागदांत भविष्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं आणि वेळ आली की दोन्ही 'ग्रहमान प्रतिकूल' म्हणतात. लोक त्या कार्डाला 'ग्यारंटीकार्ड' म्हणतात. कंपनी 'वॉरंटी' म्हणते. मी बी.कॉम.ला मर्कंटाईल लॉ हा विषय पास होण्यापुरता वाचलेला असल्यामुळे मला यातली मेख ठाऊक आहे. १९३० चा मालविक्री कायदा, कलम १२. सौद्याचा जो गाभा, ती 'कंडिशन'. ती मोडली तर माल परत करता येतो. आणि सौद्याच्या मुख्य हेतूला जोडून आलेलं जे दुय्यम वचन, ती 'वॉरंटी'. ती मोडली तर नुकसानभरपाई मागा, माल परत करायचा हक्क नाही. म्हणजे जिच्या भरवशावर आपण वस्तू घेतो ती कायद्याच्या लेखी करवली आहे, नवरी नव्हे. आमचे प्राध्यापक हे कलम शिकवताना हसायचे. ते का हसायचे हे कळायला मला एक टीव्ही, दोन मिक्सर आणि एक मेहुणा लागला.

कार्डाच्या पुढच्या बाजूला वचन असतं आणि मागच्या बाजूला अपवाद. पुढची बाजू मोठ्या अक्षरात. मागची मुंगीच्या पायांनी लिहिलेली. पाणी, आग, वीज, विजेचा कमीजास्त दाब, उंदीर, झुरळं, पडणं, आपटणं, अनधिकृत माणसानं उघडणं आणि ईश्वरी कोप यांनी बिघडल्यास कंपनी जबाबदार नाही. आता आमच्या गावात वस्तू बिघडते ती दुसऱ्या कशानं? मी एकदा शांतपणे विचार करून पाहिला, की या यादीत न बसणारी कोणती आपत्ती माझ्या मिक्सरवर येऊ शकते. मला एकच सुचली: त्याचा कंटाळा येणं.

त्यातून आमचं गाव पाण्याचं. पेंचवर नवेगाव खैरीचं धरण आमच्याच तालुक्यात, वर तोतलाडोह, खाली कालवे, कालव्याखाली धान. चार महिने घरातली काडेपेटीसुद्धा पेटायला का-कू करते. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या धरणांचे दरवाजे उघडले तेव्हा पेंच आणि कन्हानच्या काठची गावंच्या गावं पाण्यात गेली होती. अशा ठिकाणी 'पाणी गेलं होतं का?' हा प्रश्न म्हणजे कोकणात जाऊन 'घरी नारळ आहे का?' विचारण्यापैकी आहे. पाणी जाणं ही आमच्याकडे घटना नव्हे, तो हंगाम आहे.

आता मेहुणे. सौ.चे धाकटे भाऊ दोन पावसाळ्यांपूर्वी चार दिवस आमच्याकडे आले होते. नवा मोबाईल होता. त्याच्या जाहिरातीत एक गोरागोमटा तरुण फोनसकट तलावात उडी मारतो आणि पाण्याखालून स्वतःचाच फोटो काढतो. मेहुण्यांनी उडी मारली नाही. ते फक्त कालव्याच्या काठावर वाकून पाण्याचा फोटो काढत होते, आणि फोन आपण होऊन आत गेला. कपडे धुवायच्या पायऱ्यांपाशी पाणी कमरेइतकंच होतं. तिथं डुंबणाऱ्या पोरांनी बुड्या मारमारून दहाएक मिनिटांत तो वर काढला आणि शंभर रुपये घेतले. आमच्या तालुक्यातली ही एकच सेवा मी अशी पाहिली आहे जिच्यात अपवादांची यादी नव्हती.

घरी आल्यावर तांदळाचा प्रयोग झाला. मोबाईल भिजला की तांदळात पुरावा, ही विद्या आता आजीबाईच्या बटव्यात जाऊन बसली आहे. आमच्याकडे तांदळाला तोटा नाही. सौ.नं एचएमटीचा डबा पुढे केला. या तांदळाची कथा मोठी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या लहानशा शेतात लोंब्या निवडनिवडून हे वाण काढलं. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे प्रतिष्ठा, म्हणून तांदळाला घड्याळाचं नाव पडलं. पुढे घड्याळाचा तो सरकारी कारखाना बंद पडला, तांदूळ अजून चालू आहे. तेव्हा यंत्राची सेवा करायचा अधिकार कुठल्या तांदळाला असेल तर तो एचएमटीलाच, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. घरात मोबाईलचं सुतक होतं.

तांदळाचा उपयोग काय होतो? तांदूळ मोबाईलमधलं पाणी ओढतो ते इतकं थोडं, की नुसता टेबलावर पंख्याखाली ठेवला तरी फारसा फरक पडू नये. वर कोंडा आणि पीठ त्याच्या भोकांत जातं ते वेगळंच. ॲपल कंपनीनं २०२४ च्या सुरुवातीला आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलंच, की फोन तांदळात घालू नका. पण मला वाटतं, तांदूळ मोबाईलसाठी नसतोच. तो माणसांसाठी असतो. काहीतरी केलं, चार दिवस वाट पाहिली, असं मनाला सांगता येतं. पूर्वी देव पाण्यात घालत. आता पाण्यातून काढलेला मोबाईल तांदळात घालतात. श्रद्धा तीच, फक्त कोरडी झाली.

मधल्या काळात मेहुण्यांनी रोज रात्री सर्वांचा डोळा चुकवून डब्यातून फोन काढून तो चार्जिंगला लावून पाहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाची आहे.

पाचव्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. 'बँकेतला माणूस सोबत असला की वजन पडतं' असं मेहुण्यांचं म्हणणं. टोकन घेतलं, थंडगार हॉलमध्ये दीड तास बसलो, आणि वर लिहिला तो प्रश्न आला. मेहुणे म्हणाले, "नाही." साधं, सरळ, नजरेला नजर देऊन. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. नरो वा कुंजरो वासुद्धा नाही!

मुलानं काही न बोलता सिमकार्डाची ट्रे ओढली, भोकात बारीक टॉर्च मारली आणि आम्हाला बोलावलं. "बघा सर." आत कणभर आकाराची एक टिकली होती. कारखान्यात लावताना ती पांढरी असते. पाण्याचा थेंब लागला की लाल होते, आणि एकदा लाल झाली की पुन्हा पांढरी होत नाही. ही सोय कंपनीनं मोबाईल वाचावा म्हणून केलेली नाही. ती मोबाईलला कोरडं करत नाही, बंद करत नाही, मालकाला सावधही करत नाही. तिचं काम एकच: वेळ आली की मालकाविरुद्ध साक्ष द्यायची. आपण अठरा हजार मोजून जी वस्तू घरी आणली, उशाशी घेऊन झोपलो, तिच्या पोटात पहिल्या दिवसापासून आपल्याविरुद्धचा साक्षीदार बसवलेला होता, हे कळल्यावर मेहुणे जरा खचलेच.

"वॉटर डॅमेज. वॉरंटी व्हॉईड," मुलगा म्हणाला. बोर्ड बदलावा लागेल, तेरा हजार. एवढं सांगून त्यानं बाटली उघडली आणि घटाघटा पाणी प्यायला. नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः येतं ते आमच्या नवेगाव खैरीहून. म्हणजे जे पाणी मोबाईलच्या पोटात गेल्यामुळे तो निकामी ठरला, तेच पाणी पोटात घालून हा तसा निकाल देत होता. त्याची वॉरंटी शाबूत होती.

परतीच्या एसटीत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. टिकली जर सगळं सांगतेच, तर तोंडी विचारायचं कशाला? 'हो' म्हटलं तर तुमच्याच तोंडून निकाल लागतो. 'नाही' म्हटलं तर तुम्ही खोटारडे ठरता आणि मग भांडायचं तोंड राहत नाही. त्या टिकलीपुढे मेहुणे जे गप्प झाले ते पैशांच्या दुःखानं नव्हे. पकडले गेल्याच्या लाजेनं. आणि लाजलेला गिऱ्हाईक जाहिरातीतल्या तलावाबद्दल विचारायचं विसरतो.

खरं तर तेच विचारायला हवं होतं. फोनवर 'आयपी ६८' वगैरे लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून अधिक, किती ते कंपनीनं सांगायचं. ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात घेतात. तिथं कालवा नसतो, साबण नसतो, आणि पायऱ्यांवर कपडे आपटणारं कोणी नसतं. आता एका हातानं पाण्यातली जाहिरात दाखवायची आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा अपवाद लिहायचा, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. इटलीतल्या स्पर्धा आयोगानं नेमक्या याच कारणासाठी २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलला एक कोटी युरो दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ साली तिथल्या न्यायालयानं सॅमसंगला एक कोटी चाळीस लाख डॉलर भरायला लावले. फोन तलावात नि समुद्रात न्या असं सुचवणाऱ्या जाहिराती होत्या, आणि ओला फोन तसाच चार्जिंगला लावला तर त्याचं तोंड गंजण्याचा धोका होता. तिथल्या ग्राहकांनी काउंटरवर काय उत्तर दिलं असेल? माझी खात्री आहे, "जरा ओल लागली असेल" याला इटालियनमध्येही काहीतरी शब्दप्रयोग असणार.

कंपनीची बाजू नाही असं नव्हे. मी कॉमर्सचा माणूस, मला ती दिसते. भिजलेला प्रत्येक फोन फुकट बदलून द्यायचा म्हटलं तर तो खर्च ती सगळ्यांच्याच किमतीत घालणार. म्हणजे जो बिचारा मोबाईलला जिवापाड जपतो, त्यानं आमच्या मेहुण्यांच्या छायाचित्रकलेचे पैसे भरायचे. शिवाय लोक काय करतील याचा नेम नाही. जुन्याला कंटाळून बादलीत बुडवून आणणारेही निघतील. अपवाद हवेतच. माझं म्हणणं एवढंच, की अपवाद लिहायचे तर जाहिरातीतल्या त्या तरुणाला आधी तलावातून बाहेर काढा, टॉवेल द्या.

आणि दुसऱ्याला नावं ठेवताना आपलंही काउंटर आठवावं. आमच्याच बँकेत लॉकर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांनी नुकसान झालं तर बँक वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत देणं लागते. पण भूकंप, पूर, वीज या ईश्वरी कोपांना बँक जबाबदार नाही, तिचा निष्काळजीपणा नसेल तर. म्हणजे पाणी आमच्याही कार्डाच्या मागच्या बाजूला आहे. लॉकरवाले खातेदार मला हे कलम वाचायला लावतात तेव्हा मीही आवाज जरा खाली घेतो. मुंगीच्या पायांनी लिहिलेलं मुंगीच्या आवाजातच वाचायचं असतं.

मात्र त्याच काउंटरवर एक कागद असा येतो, की ज्याला पाण्याची भीती नाही. नोट. नोट हीही एक वॉरंटीच. धारकाला अमुक रुपये अदा करण्याचं वचन, खाली गव्हर्नरांची सही. हे वचन पॅंटच्या खिशातून धुलाईत जातं, पिळलं जातं, तारेवर वाळतं, आणि तरी वचनच राहतं. फाटली तरी नियम आहेत, २००९ चे, २०१८ साली सुधारलेले. ५० रुपये किंवा त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. २० पर्यंतची असेल तर निम्म्याहून जास्त तुकडा असला की पुरे. मुद्दाम कापून आणली असेल तर मात्र नाही. बस्स. नोटेच्या पोटात लाल टिकली नाही. 'ओली कशी झाली?' असा रकाना कुठल्या फॉर्मवर नाही. आम्ही फुटपट्टी लावतो, पंचनामा करत नाही.

२०२० चा पूर ओसरल्यावर आमच्याकडे ओल्या नोटांची रांग लागली होती. कोरोनाचे दिवस, तोंडाला फडकी, आणि त्यातूनही येणारा चिखलाचा वास. एक म्हातारी आली. फडक्यात बांधलेला नोटांचा गठ्ठा, वर गाळाचा थर. मी काही विचारायच्या आत तीच सांगू लागली.

"मडक्यात होते जी. बुढ्याले मालूम नाही. धा वर्सं झाले, उलीसे-उलीसे टाकून रायली होती. नातीच्या लग्नासाठी. तुम्ही इचारसान त सांगतो, पन बुढ्याले नका सांगू."

"आजी, मला काहीच विचारायचं नाही," मी म्हणालो.

तिला ते पटेना. एवढे पैसे देणारा माणूस काहीच विचारत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून आम्ही एकेक नोट सोडवली. ४,७०० रुपये झाले. सहा नोटांचा मात्र एकमेकींना चिकटून पापड झाला होता. अशा न सुटणाऱ्या नोटा शाखेत घेता येत नाहीत. त्या नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत न्याव्या लागतात. मी तिला तसं सांगितलं. ती थोडा वेळ त्या पापडाकडे बघत राहिली. नागपूरला जायचं म्हणजे घरी सांगणं आलं.

"राहू द्या," म्हणाली, आणि तो परत फडक्यात बांधून गेली.

पाण्यातून आलेल्या वस्तूबद्दल कोणी काही विचारलं, की मला तो पापड आठवतो. तिला बँकेनं विचारलं नव्हतं. तिला घरी विचारलं जाणार होतं. तेवढ्यानं सहा नोटा गेल्या.

मेहुण्यांची गोष्ट अजून शिल्लक आहे. नागपूरहून परत आल्यावर तो फोन आम्ही आमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. बसस्टॅंडजवळ टपरीएवढं दुकान, एक भिंग, एक दिवा, आणि देवाच्या फोटोशेजारी उघड्या पडलेल्या दहा-बारा मोबाईलांची रांग. त्यानंही फोन हातात घेतल्या घेतल्या तेच विचारलं.

"पानी गेलं होतं का, भाऊ?"

"नाही," मेहुणे म्हणाले.

मी चमकून पाहिलं. इथं वॉरंटी नव्हती, टोकन नव्हतं, काच नव्हती. पण नागपूरहून पाठ केलेलं उत्तर तोंडातून निघून गेलं. माणूस एका काउंटरवर जे शिकतो ते दुसऱ्या काउंटरवर वापरतोच. डॉक्टर "तंबाखू खाता का?" विचारतात तेव्हा "छे, सुपारी" म्हणणारा माणूस मी रोज पाहतो. त्याला वाटत असतं, डॉक्टरही काहीतरी नाकारण्यासाठीच विचारतायत.

दुरुस्तीवाल्यानं 'नाही' हे खरं मानलं. बॅटरी गेली असेल म्हणून नवी घातली. काही नाही. चार्जिंगचं तोंड बदललं. काही नाही. दोन दिवस आणि आठशे रुपये गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं बोर्डावरचं पत्र्याचं झाकण काढलं. खाली, कळकलेल्या पितळी भांड्यात दिसते तशी हिरवट बुरशी. मग तो मेहुण्यांना जे बोलला ते मी थोडं सौम्य करून देतो.

"भाऊ, पानी कोनतं होतं, कवा गेलं, मंग चालू केलं का नाही, हे मी काई तुमच्यावर केस टाकाले इचारत नाही. पानी नाही मारत मोबाईलले. करंट मारते. भिजल्यावर बंद ठेवला असता अन् तवाच आनला असता त धुवून पुसून दोनशेत काम होतं. तुम्ही चार्जिंगले लावला न?"

चार रात्री. मेहुण्यांनी खाली पाहिलं.

तो बरोबर सांगत होता. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. पण कालव्याच्या पाण्यात क्षार असतात. त्यात वीज सोडली की बोर्डावरचं तांबं एका बाजूनं विरघळतं आणि नको तिथं जाऊन बसतं. पाणी वाळून गेलं तरी क्षार मागे राहतातच. म्हणून बुडालेल्या वस्तूची पहिली शुश्रूषा म्हणजे ती बंद करणं, निघत असेल तर बॅटरी काढणं, आणि मग उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं बोर्ड धुणं. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्यानं बिघडलेली वस्तू बरी करायला आधी ती पुन्हा धुवावी लागते. हे सगळं करायला वस्तू उघडावी लागते. आणि उघडायला गेलं की आत एक चिठ्ठी असते: 'ही काढल्यास वॉरंटी रद्द'. अमेरिकेत १९७५ पासून या बाबतीत कायदा आहे, आणि असल्या चिठ्ठ्या लावणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ साली समज दिली. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानंही २०२२ च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल उघडलं. आमच्या दुरुस्तीवाल्याला हे मी कौतुकानं सांगितलं. तो चिठ्ठी नखानं खरवडत "असं का?" म्हणाला.

तेव्हा माझं मत असं झालं आहे. 'पाणी गेलं होतं का?' हा एक प्रश्न नव्हे, दोन प्रश्न आहेत. फक्त शब्द सारखे आहेत. एक फौजदाराचा, एक वैद्याचा. पहिल्याला खोटं उत्तर देणाऱ्या माणसाला मी पापी म्हणणार नाही. तलाव दाखवून बोलावणाऱ्यानं ओलं होण्याबद्दल जाब विचारू नये. पण ते खोटं बोलून फायदा होत नाही, कारण टिकली आहे. आणि तोटा नेमका वैद्यापाशी होतो, कारण तिथं टिकली बघत नाहीत, तुमच्या शब्दावर औषध देतात. मेहुण्यांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "भाऊजी, मग आधी कोण समोर आहे ते ओळखायचं कसं?" काच असेल तर फौजदार, नसेल तर वैद्य, असं मी म्हणणार होतो, पण बँकेत माझ्यापुढेही काच आहे, म्हणून गप्प बसलो.

मोबाईल दुरुस्त झाला. बाराशे रुपये. "ग्यारंटी काय?" मी सवयीनं विचारलं. "काईच नाही," तो म्हणाला. कंपनीनं वर्षाची दिली होती आणि काही केलं नव्हतं. यानं काही दिली नाही आणि फोन चालू करून दिला. आवाज मात्र समोरचा माणूस कालव्यातून बोलतोय असा येई. पैसे देताना दुरुस्तीवाल्यानं एक प्लास्टिकची डबी उघडून दाखवली. आत शेकडो कोऱ्या पांढऱ्या टिकल्या. "लावून देऊ का नवी? धा रुपये." दहा रुपयांत पापक्षालन आमच्या गावी होतं, हे मला माहीत नव्हतं. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बँकेच्या सुट्ट्या मोजत होतो. टिकली लागली.

महिन्याभरानं मेहुण्यांनी फोन विकायला काढला. गिऱ्हाईक मीच आणलं, आमच्या शाखेतल्या शिपायाचा भाचा, रामटेकला कॉलेजात जाणारा. पोरगा हुशार. त्यानं फोन उलटसुलट केला, फोटो काढून पाहिला, ट्रे ओढली, आपल्या मोबाईलच्या टॉर्चनं आत बघितलं. टिकली पांढरीशुभ्र. साडेसात हजारांवर मान हलवली. मग पैसे काढता काढता सहज विचारलं,

"काका, पाणी-बिणी त नाही न गेलं?"

मेहुणे माझ्याकडे बघायला लागले, मी मेहुण्यांकडे. तेवढ्यात सौ. चहा घेऊन बाहेर आली.

"गेलं होतं की! कालव्यात पडला होता," ती म्हणाली. "चार दिवस माझ्या एचएमटीच्या डब्यात होता. ते तांदूळ अजून संपले नाहीत, कोणी खायलाच तयार नाही. साखर पुरे ना रे तुला?"

पोरानं फोन पुन्हा हातात घेतला, थोडा विचार केला, कुठल्या दुरुस्तीवाल्यानं उघडला होता ते विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाला, "मंग ठीक आहे. त्यानं धुतला असन." आणि साडेसहाला नेला.

मेहुणे तो चहा न पिताच उठले. राखीला आले तेव्हा ओवाळणी टाकताना त्यांनी बहिणीला एवढंच सांगितलं, की यातून हजार वजा धर.